म्युनिसिपालटीची शाळा आणि आपला शिक्षणभत्ता

(मराठी भाषक रेल्वे व पोस्ट कामगारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून इथे आठव्या वेतन आयोगापुढे काय मागायचे याची चर्चा चालली आहे. किमान वेतन, फिटमेंट, पेन्शन, सगळे झाले. त्या यादीत मुलांचा शिक्षणभत्ता वाढवून मिळावा हीही मागणी होती आणि ती हात वर करून एकमताने मंजूर झाली. आम्हीही हात वर केला. आता जेवणानंतरच्या या बैठकीत ‘कामगार आणि शिक्षण’ हा विषय आमच्याकडे आला आहे, तेव्हा त्या वर केलेल्या हाताबद्दलच बोलावे असे आम्ही ठरवले. काही साथींना ते रुचणार नाही. पण जेवणानंतर जी झोप येते ती निदान येणार नाही.

आम्ही दक्षिण महाराष्ट्रातल्या एका जंक्शनच्या गावी नोकरी करतो. काही रेल्वेत, काही पोस्टात, दोघे-तिघे आरएमएसमध्ये. गावाचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण तिथल्या पालिकेशी आमचे रोजचे काम असते. मागे एकदा शाखेच्या बैठकीत आम्ही सहज विचारले, ज्यांचे शिक्षण नगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत झाले त्यांनी हात वर करावेत. खोली हातांनी भरली. मग विचारले, ज्यांची मुले आज त्या शाळेत आहेत त्यांनी हात वर करावेत. एकही हात वर झाला नाही. मागून कुणीतरी चहा आला का म्हणून विचारले. आणि साथींनो, प्रश्न विचारणाऱ्या आमचाही हात खालीच होता, हे आधी सांगून टाकतो.

आमची शाळा स्टेशनच्या मागे होती. कौलारू, सात वर्ग, पुढे चिंचेचे झाड. एकाच बसकरावर स्टेशन मास्तरांचा मुलगा, गँगमनची मुलगी, पोस्टमनचा मुलगा आणि भाजीवालीचा मुलगा बसत. त्या काळी सगळे समान होते असे आम्ही म्हणणार नाही. स्टेशन मास्तरांच्या मुलाच्या पायात बूट होते, आमच्या नव्हते, आणि पाण्याच्या माठापाशी कोण आधी जाणार हेही ठरलेले असायचे. पण एक पावसाळा आठवतो. चौथीच्या वर्गात कौले फुटून पाणी गळू लागले. हेडमास्तरांनी तीन अर्ज दिले, काही झाले नाही. मग एके दिवशी स्टेशन मास्तर ड्यूटी संपवून, कोट अंगात तसाच ठेवून, पालिकेत गेले. दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर आणि गवंडी शाळेत हजर. स्टेशन मास्तर आमच्यासाठी गेले नव्हते. त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या वहीवर पाणी पडत होते म्हणून गेले. पण कौले बदलली ती साऱ्या वर्गाच्या डोक्यावरची.

पुढे गावात इंग्रजी माध्यमाची खाजगी शाळा निघाली. आधी अधिकाऱ्यांची मुले गेली. मग कारकुनांची. मग दारात रिक्षा येऊ लागल्या, गळ्यात टाय आले, आणि आपणही गेलो. हे कुणाच्या कटाने झाले नाही, आपल्या पायांनी झाले. आता त्या शाळेचे छप्पर गळाले तर कोट घालून पालिकेत जायला कोण आहे?

पालिकेची शाळा ही आपल्याला कुणी दया म्हणून दिलेली वस्तू नव्हे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात मुलांना निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा ही मागणी होती. त्यांचा हिशेब सरळ होता. सरकारच्या तिजोरीतला पैसा येतो रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या मुलांवर. हा हिशेब लक्षात ठेवा, थोड्या वेळाने आम्ही त्याच्याकडे परत येणार आहोत. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. ते टप्प्याटप्प्याने, जिथल्या स्थानिक संस्थेची तयारी असेल तिथेच सक्ती करणारे, इतके मवाळ होते. तरी १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. सरकारचे म्हणणे होते की पैसा नाही, आणि लोकांची तयारी नाही. हे वाक्य आपण आजही ऐकतो, म्हणजे त्याला शंभर वर्षे होऊन गेली.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. बडोदेकर साथी आठवण करून देतील की सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात हा प्रयोग केला होता आणि १९०६ मध्ये तो राज्यभर नेला. ते खरेच आहे, मान त्यांचाही आहे. पण बडोद्यापुढे कोल्हापूर म्हणजे लहान संस्थान. मिरजेहून जाणारी आपली लाईन तिथे १८९१ मध्ये पोहोचली आणि आजही तिथेच संपते. अशा ठिकाणी मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी तो रुपया हलका नव्हता. सक्तीच्या शाळा सुरुवातीला २७ होत्या, १९२१-२२ पर्यंत त्या ४२० झाल्या आणि मुलांची संख्या बावीस हजारांवर गेली. १९१९ मध्ये महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. आमच्या मते हा दुसरा हुकूम पहिल्यापेक्षा मोठा आहे. नुसती शाळा काढणे सोपे आहे, सगळ्यांची मुले एका शाळेत बसवणे अवघड.

त्याच कोल्हापुरात आजही महापालिकेच्या पन्नासच्या वर प्राथमिक शाळा आहेत. कॉ. गोविंद पानसरे वकील होण्याआधी काही काळ तिथल्या पालिकेच्या शाळेत शिक्षक होते, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. २०१५ मध्ये त्यांची हत्या झाली तेव्हा त्यांची पुस्तके आणि भाषणे यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले, या नोकरीचा उल्लेख मात्र एखाद्या ओळीतच आला.

त्या पन्नास शाळांतली एक शाळा जरगनगरची. तिचे नाव लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिर. गुढीपाडव्याला पहिलीचे प्रवेश सुरू होतात, आणि या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पालक आदल्या रात्रीपासून दारात रांग लावतात. याच्या बातम्या वर्षानुवर्षे छापून येतात. महापालिकेची शाळा, फी नाही, आणि पट हजारांत. अंथरूण घेऊन रांगेत झोपलेले पालक हे दृश्य आपण तत्काळ तिकिटाच्या खिडकीपुढे पाहिले आहे, पालिकेच्या शाळेपुढे कधी पाहिले होते? जरगनगरच्या शाळेला वेगळे काय मिळाले? वेतनश्रेणी तीच, पाठ्यपुस्तक बालभारतीचे तेच, महापालिका तीच. वेगळे आहे ते इतकेच की तिथे टिकून शिकवणारे शिक्षक आहेत, मुले शिष्यवृत्तीच्या परीक्षेत चमकतात, आणि दारात उभे राहून जाब विचारणारे पालक आहेत. हे तिन्ही एकमेकांना धरून आहेत. त्यात आधी काय आले हे सांगणे कठीण, पण पालक निघून गेले तर उरलेली दोन फार काळ टिकत नाहीत.

मात्र रांग पाहून आम्हाला निव्वळ आनंद झाला असे म्हणणार नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी हे त्याचे सूत्र आहे. त्या सूत्राने प्रत्येक वॉर्डातली शाळा जरगनगरसारखी हवी. एका शाळेपुढे रांग आणि दोन गल्ल्या सोडून दुसरीत रिकामे बाक, असे दिसले तर समजावे की पालिकेच्या शाळेवरचा विश्वास मेलेला नाही, तो एका दारात गोळा झाला आहे.

आता आपल्या भत्त्याकडे येऊ. सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ मध्ये, तो दर मुलामागे वर्षाला १२,००० रुपयांपर्यंत झाला. सातव्यानंतर महिना २,२५० ठरला. जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला, तेव्हा नियमाप्रमाणे तो २५ टक्क्यांनी वाढून २,८१२ रुपये ५० पैसे झाला. वर्षाचे ३३,७५० होतात. दोन मुले असतील तर ६७,५००. हे आपल्या संघटनांनी झगडून मिळवलेले आहे, त्याबद्दल कुणी लाज बाळगण्याचे कारण नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, ही रक्कम आता ठोक आहे. प्रत्यक्ष फी किती भरली याचा तिच्याशी संबंध नाही. मान्यताप्राप्त शाळेच्या मुख्याध्यापकाचा दाखला जोडला की पुरे. म्हणजे पालिकेच्या शाळेत मूल घातले तरी भत्ता तेवढाच मिळतो. हे आम्ही शाखेत सांगितले तेव्हा निम्म्या लोकांना नवे होते. दुसरी, हा पैसा आपल्या हातात येतो आणि थेट खाजगी शाळेच्या गल्ल्यात जातो. वर बस, गणवेश, डोनेशन आपल्या पगारातून. केंद्राच्या तिजोरीतून निघालेला पैसा असा दरवर्षी खाजगी संस्थांकडे वळतो आणि आपण मध्ये नुसते पोस्टमनचे काम करतो. मनीऑर्डर पोहोचवली, सही घेतली, निघालो.

आमच्या गावच्या त्या जुन्या शाळेत आज कोण आहे? वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांची मुले आहेत. बांधकामावरच्या मजुरांची आहेत. आणि आपल्या फलाटावर ठेकेदाराकडे सफाईचे काम करणाऱ्या एका ताईंची मुलगी तिसरीत आहे. ताईंना शिक्षणभत्ता नाही, पास नाही, जादा तासांचे पैसे मिळतीलच याचा भरवसा नाही. पण चहा, साबण घेताना त्यांच्या खिशातूनही कर जातो. फुल्यांचा हिशेब आठवतो ना? आता त्या हिशेबात वरच्या रकान्यात आपण जाऊन बसलो आहोत.

या ताई शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहेत. कायद्याने या समितीत पाऊण सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणे, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे समितीचे काम आहे. कागदावर ही समिती आपल्या शाखा कार्यकारिणीपेक्षाही ताकदवान आहे. पण बैठक दुपारी असते आणि ताईंची दुपार ठेकेदाराच्या मालकीची. बैठकीला गेल्या की अर्धी हजेरी कापली जाते.

गेल्या पावसाळ्यात त्या शाळेत सात वर्गांना तीन शिक्षक उरले. एक निवृत्त झाले, त्यांची जागा भरली नाही. उरलेल्यांतले एक मतदारयादीच्या कामावर. ताई दोनदा पालिकेत जाऊन आल्या. साहेब जेवायला गेलेत, उद्या या. एके दिवशी फलाटावरच त्यांनी आम्हाला गाठले.

“साहेब, तुमी आमच्यासंगं याल का पालिकेत? तुमी गेलासा तर ऐकत्यात.”

आम्ही म्हणालो, “येऊ की ताई. पण अर्ज तुमच्या समितीचा हवा.”

“अर्ज हाय. सर्वांच्या सह्या बी हायत.” मग जरा थांबून त्यांनी विचारले, “तुमची पोरं कुठल्या शाळंत हायत?”

टोमणा नव्हता. त्यांना खरेच वाटले होते की आमची मुले त्याच शाळेत असतील, म्हणून तर आम्ही येऊ म्हणालो. आम्ही इंग्रजी शाळेचे नाव सांगितले. त्या “बरं” म्हणाल्या आणि झाडू उचलून पुढे गेल्या. साथींनो, बत्तीस वर्षांच्या नोकरीत आम्ही पुष्कळ चार्जशीट पाहिल्या, पण त्या “बरं”ला उत्तर लिहून देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्यातले चौघे त्यांच्याबरोबर गेले. साहेब जेवायला गेले नव्हते. दुसऱ्या खेपेला एक शिक्षक त्या शाळेकडे वळवण्याचे पत्र निघाले. हा काही मोठा विजय नव्हे, दुसऱ्या कुठल्या तरी शाळेतला माणूस उचलून इकडे दिला, तिकडे खड्डा पडला असेल. रेल्वेत मनुष्यबळाचे जे चालते तेच हे.

कारण शिक्षकांच्या पदांचे गणित आपल्याला शिकवायला नको. पट घसरला की संचमान्यतेत पद कमी, पद कमी झाले की शिक्षण ढासळते, ते ढासळले की पट आणखी घसरतो. आपल्याकडे याला पद सरेंडर करणे म्हणतात. महाराष्ट्रात २००० पासून नवा शिक्षक आधी तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर राबतो. प्राथमिकचे हे मानधन अनेक वर्षे सहा हजार होते, २०२३ मध्ये ते सोळा हजार झाले. सब्स्टिट्यूट म्हणून वर्षे काढलेल्या आणि ईडीच्या नावाखाली राबलेल्या साथींना त्यावर भाष्य नको. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला आणि खाजगी शाळांना दारे सताड उघडली. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा १४,७८३ आणि त्यांतली मुले सुमारे १ लाख ८५ हजार होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्के राखीव प्रवेशातून मोकळीक, असा नियम केला. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. म्हणजे सरकारी शाळा रोडवायची आणि तिचेच नाव पुढे करून खाजगी शाळेचे दार गरिबाला बंद करायचे.

हे फक्त पालिकेच्या शाळांचे आहे असे समजू नका. रेल्वेच्या स्वतःच्या शाळा घ्या. २०२१ मध्ये संजीव सन्याल यांनी रेल्वेच्या संस्थांबद्दल अहवाल दिला. त्या वेळी रेल्वेच्या ९४ शाळा होत्या. त्या केंद्रीय विद्यालय संघटनेकडे किंवा राज्यांकडे द्याव्यात, फार गरजेच्या तेवढ्याच ठेवाव्यात, अशी शिफारस झाली. आपण निषेध केला, तो योग्यच होता. पण त्या अहवालात आकडे होते, आणि त्या शाळांत रेल्वे कामगारांच्या मुलांपेक्षा बाहेरची मुले दुपटीहून अधिक होती. बाहेरची मुले येतात याचे दुःख नाही, ती यावीतच. प्रश्न असा की आपली कुठे गेली?

आता बाहेरच्या राज्यांतले साथी म्हणतील, आमची बदली होते, आज मराठी, उद्या कन्नड, परवा हिंदी, मुलांनी काय करावे? त्यांची अडचण खरी आहे. केंद्रीय विद्यालये १९६३ पासून निघाली ती यासाठीच. आणि तीही सार्वजनिक शाळाच आहे, तिथे प्रवेशासाठी आपण खासदारांच्या दारात जात होतो. म्हणजे सरकारी शाळा म्हटली की वाईटच, हे आपले मत नाहीच मुळी. जिथे साहेबांची मुले आहेत ती सरकारी शाळा आपल्याला चालते.

इंग्रजीचे म्हणाल तर महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि पालिकांच्या बऱ्याच शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्ग निघाले आहेत. तरीही कुणी घरी जाऊन मुलाचे नाव काढून आणावे असे आम्ही सांगत नाही. आमच्या घरी आम्हाला ते जमले नाही. गँगमनच्या मुलाला आपला मुलगा साहेब व्हावा असे वाटले तर त्याला दोष देणारे आम्ही कोण? २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या सरकारी नोकरांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेतच घालावीत असा आदेश दिला होता. वाचताना बरे वाटले, अमलात आला नाही. सक्तीने बसवलेला साहेब उद्या बदली करून घेईल.

आमचे मागणे छोटे आहे. मागणीपत्रात भत्त्याची ओळ आहे, तिच्याखाली आणखी एक ओळ घाला: रेल्वे आणि पोस्टाच्या वसाहतींजवळच्या सार्वजनिक शाळांत शिक्षकांची सर्व पदे भरा, आणि ठेकेदारी कामगारांच्या मुलांनाही शिक्षणभत्ता द्या. मसुदा समितीने ही ओळ आयोगाच्या कक्षेबाहेरची म्हणून काढली, तर निदान ठराव म्हणून वेगळी मांडा. दुसरे, प्रत्येक शाखेने आपल्या हद्दीतल्या शाळांची एक वही करावी: शाळा कुठली, वर्ग किती, शिक्षक किती, समितीची बैठक कधी. बेळगाव, बडोद्याच्या साथींनी तिथल्या सरकारी मराठी शाळाही त्यात घ्याव्यात, त्यांची अवस्था निराळी आहे आणि आम्हाला ती समजून घ्यायची आहे. तिसरे, ज्यांची मुले धाकटी आहेत, अजून पहिलीत जायची आहेत, त्यांनी पाडव्याआधी एकदा जवळच्या पालिकेच्या शाळेत जाऊन तास-दोन तास बसून यावे. पटले तर पाहावे.

आमच्या गावच्या त्या शाळेत समितीची बैठक आता संध्याकाळी सहाला घेतात. ताईंनी ते भांडून करून घेतले. पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे. मुतारीच्या नळाचा आणि रिकाम्या पदाचा विषय आहे. आमच्यातले दोघे जाणार आहेत. तिसऱ्याची त्या दिवशी दोन ते दहा ड्यूटी आहे, बदली माणूस मिळाला तर तोही येईल.